तीन गुरुवारांची भरपाई

मित्रांनो, आज एका ऑनलाइन गेमच्या कंपनीशी भांडून भरपाई मिळवली, तरी तोंड कडूच आहे.

मी चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमची सुट्टी गुरुवारी. लेक नागपूरला शिकते. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं पैसे भरून घेतलेला हा गेम खेळायचो आणि खेळता खेळता गप्पा मारायचो. गेले तीन गुरुवार नेमका त्यांचा सर्व्हर बंद.

सप्लायरमुळे आमची लाइन थांबली की आम्ही मिनिटामिनिटाची नोंद ठेवून वसुली करतो. त्याच सवयीने तिन्ही संध्याकाळी मी स्क्रीनशॉट काढत, वेळा टिपत, तक्रारी लिहीत बसलो.

आज उत्तर आलं, "सर, रविवारी संपणारी तुमची मुदत बुधवारपर्यंत वाढवली आहे."

मी लिहिलं, "मला गुरुवार हवेत."

"सर, सबस्क्रिप्शन दिवसांवर असतं, वारांवर नाही."

रागारागाने लेकीला फोन लावला. ती हसली. "राहू द्या हो बाबा. आता गुरुवारी माझी नाटकाची तालीम असते."

"अगं, मग सांगायचंस तरी!"

"कधी सांगणार? गेम बंद होता बाबा, फोन बंद नव्हता. तुम्ही एकदा तरी केलात का?"

दोष कंपनीचा आहेच, तो मी सोडणार नाही. पण तिन्ही संध्याकाळी फोन माझ्या हातातच होता, आणि मी त्यावर पुरावे गोळा करत होतो. खरं सांगा, तुम्ही आधी काय केलं असतं?