आरशातला खांदा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालवतात त्यांना सगळे बुटकेबुवा म्हणतात. उंचीने बेताचे, पण भल्याभल्यांना आपल्यापुढे मान खाली घालायला लावतात. हा विनोद त्यांचाच, माझा नव्हे.

त्यांचा उजवा खांदा आखडला. आधी हातातून कंगवा सुटू लागला, मग कात्रीही जड झाली. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "काम करताना हात कसा उचलता त्याचे फोटो आणा. ती सवय बदलली नाही तर दुकान सोडावं लागेल." त्या दिवशी बुवा ताटावरून तसेच उठले. दुकान सोडून त्यांना दुसरं काही ठाऊकच नाही.

त्यांची पुतणी संगणकाचं शिकलेली. माणसांची असंख्य चित्रं दाखवून आधीच शिकवून ठेवलेलं एक मॉडेल तिने आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. फोटो दिला की ते खांदा, कोपर, मनगट, गुडघा हुडकून ठिपके टाकतं आणि रेघांनी जोडतं. आम्ही पाटीवर काडीचा माणूस काढायचो ना, अगदी तसं. गिऱ्हाईक म्हणून मला खुर्चीत बसवलं. माझ्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं उरलेलं नाही, पण पडेल ते काम.

पहिलं चित्र आलं आणि बुवांची बायको वाकून बघत म्हणाली, "हे डावखुरे कधी झाले गं?"

फोटोत बुवा पाठमोरे होते. मॉडेलने ठिपके टाकले ते समोरच्या आरशातल्या बुवांवर, आणि दुखरा उजवा हात डावा ठरवून मोकळं झालं. पुतणीचा चेहरा उतरला. "काका, हे तसंच पाठवलं असतं तर डॉक्टरबाईंनी भलत्याच हाताची सवय बदलायला लावली असती."

"म्हणजे उरलेलाही गेला असता," बुवा म्हणाले.

मग आरशावर चादर टाकली. पण बुवांची हयात गेली ती आरशात बघून केस कापण्यात. आरसा झाकल्यावर ते सारखे माझ्या पुढ्यात येऊन वाकून बघू लागले.

"असं मी कामच करत नाही, पोरी. हे फोटो खोटे येतील."

तिने चादर काढली, बाजूने फोटो घेतले आणि मॉडेलला देण्याआधी त्यातला आरशाचा भाग कापून टाकला. माझे हात कापडाखाली होते, तिथेही मॉडेलने अंदाजपंचे ठिपके ठोकून दिले. प्रत्येक ठिपक्याशेजारी मॉडेलला त्याची खात्री किती याचा आकडा असतो. तो बघून तिने कच्चे ठिपके बाजूला काढले.

आता नीट दिसलं. दाढी करताना बुवांचं कोपर खाली राहत होतं. टाळूवरचे केस कापताना मात्र दर वेळी खांद्याच्या वर जात होतं. खुर्ची जुनी, याहून खाली जाणारी नव्हती.

डॉक्टरबाईंनी चित्रं बराच वेळ पाहिली. "कोपर खांद्याखाली राहिलं तर काम करा. वर गेलं तर मात्र माझ्याकडे येऊ नका."

बुवांनी खुर्ची भिंतीला लावली आणि आरशापुढे एक ठेंगणं स्टूल मांडलं. दुसऱ्या दिवशी आलं ते नेमकं त्यांचं सगळ्यात उंच गिऱ्हाईक, ट्रक चालवणारा. स्टूल बघून घुटमळला.

"बुवा, यावर? गुडघे कानाला लागतील माझे."

"गुडघे तुझे, खांदा माझा. बस."

तो अंग चोरून बसला. बुवांनी कात्री उचलली. पुतणी दाराशी उभी राहून त्यांच्या कोपराकडे बघत होती, मीही बघत होतो. कात्री कानामागून वर सरकत टाळूवर आली, आणि कोपर खालीच राहिलं.