सलीमभाईंच्या शेडमधली अळंबी आणि आम्ही तिघं

कामाच्या ठिकाणी किस्से कुठे जमत नाहीत? पण आमच्याकडे जरा जास्तच जमले. कारण सरळ आहे. कळंबच्या अलीकडे एक शेड, शेडमध्ये तीन माणसं, आणि धंदा असा की पेंढ्याच्या पिशव्या भरून टांगल्या की पुढचे पंधरा-वीस दिवस नुसती वाट बघायची. वाट बघणारी माणसं काही ना काही उद्योग करतातच.

पहिले सलीमभाई, म्हणजे मालक. कर्जतला फरशीचं चांगलं चालणारं दुकान भावाकडे सोपवून हे मोबाइलवर व्हिडिओ बघून अळंबीच्या नादी लागले. दुसऱ्या बुधीमावशी, वरच्या ठाकरवाडीतल्या. पेंढा उकळणं, पिशव्या भरणं, तोडणी, सगळं त्यांच्याकडे. तिसरी मी. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलेली, अळंबीचं बियाणं बनवायची छोटी लॅब सांभाळणारी, आणि त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं समजणारी!

* * *

लॅबमध्ये पहिला नियम: तोंडाला मास्क आणि तोंड बंद. आपल्या श्वासातले जंतू काचेच्या बशीत पडले की तिच्यात वाढवलेलं कल्चर, म्हणजे अळंबीचं विरजण, गेलं. सलीमभाईंनी हा नियम मोठ्या अक्षरात छापून दारावर लावला.

मग एकदा पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन आले. मी उघड्या बशांवर काम करत होते. सलीमभाई माझ्या खांद्यामागे उभे राहिले, मास्क हनुवटीवर ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "इथं कोणी मास्क खाली करायचा नाय, हां!"

चार दिवसांनी त्या बशांमध्ये पिवळट, चिकट ठिपके उगवले. मी एक बशी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सांगितलं, ही तुमची सूचना. त्यांनी बशी उजेडात धरून बराच वेळ निरखली आणि फोटो काढून बायकोला पाठवला.

* * *

थंडीतली गोष्ट. मी आठवडाभर रजेवर होते. परत आले तर शेडच्या सगळ्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. अळंबीला गारठा बाधत असेल, म्हणून सलीमभाईंनी मायेनं बंदोबस्त केला होता.

अळंबीही श्वास घेते. बंद खोलीत हवा कोंदली की ती छत्री फुलवायची सोडून देठच लांबवत बसते. सगळ्या पिशव्यांना वीतभर देठ आणि वर शर्टाच्या बटणाएवढं टोपडं! मी डोक्याला हात लावला. हे पीक बिघडलेलं आहे, असं सांगायला गेले तर कळलं की सलीमभाईंनी ते 'स्पेशल जात' म्हणून कळंबच्या एका रिसॉर्टला विकूनही टाकलं होतं.

मी गोणपाट काढलं, हवा खेळती केली. पुढचा माल असा सुरेख आला की पोस्टरवर छापावा. दुसऱ्याच दिवशी त्या रिसॉर्टच्या आचाऱ्याचा फोन आला. आधीची क्वालिटी का बिघडवलीत, म्हणून तो माझ्यावर डाफरला.

तेव्हापासून एका खोलीला आम्ही गोणपाट ठोकूनच ठेवतो.

* * *

बुधीमावशींनी आमच्याकडे तीन वर्षं काम केलं, पण आमची अळंबी कधी चाखली नाही. पावसाळ्यात रानातली अळंबी पानात बांधून माझ्यासाठी मात्र आठवणीनं आणायच्या. एकदा मी फारच आग्रह केला, की निदान भाजी करून तरी बघा.

"नको म्याडम," त्या म्हणाल्या, "ती कशी बनवत्यात ते मला म्हाईत हाय."

* * *

आता जरा लाजिरवाणी गोष्ट. तिसऱ्या वर्षी पीक घटायला लागलं. पिशव्या उशिरा फुटायच्या, घोस बारके, आणि वर हिरव्या बुरशीचा रोग. पांढऱ्या पिशवीवर एक हिरवा डाग पडायचा आणि बघता बघता सगळी पिशवी खायचा. अशी पिशवी दिसली की लगेच बाहेर काढून मागच्या खड्ड्यात पुरायची, हा माझा नियम.

दोष माझा होता. कल्चरच्या एका नळीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नळ्या भरत गेले आणि वाण दमलं. सलीमभाईंना समजावलं, की झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात ना, तसं.

"मग ओरिजिनल काढा की."

ओरिजिनल नळी मी फ्रीज साफ करताना फेकली होती. हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी दोनदा विचारलं.

सलीमभाई चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. पुढच्या सोमवारी ते स्विमिंग पूलवाल्या कंत्राटदाराला घेऊन आले. एवढं पीक बघू, नाहीतर शेड पाडून वीकेंडवाल्यांसाठी बंगला बांधू, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे माझी लॅब गेली, मावशींचं काम गेलं.

कंत्राटदार टेप घेऊन आत शिरायला लागला तर मावशी दारात आडव्या. आधी चपला काढा, मग औषधाच्या पाण्यात पाय बुडवा. ज्या शेडवर हा बुलडोझर फिरवणार, तिच्यात तो ओल्या पायांनी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गुपचूप मापं घेत फिरला.

* * *

वाण ताजं करायला एकच मार्ग होता. शेडमधली सगळ्यात जोमदार अळंबी निवडायची, तिच्या आतला तुकडा काढायचा आणि नवं कल्चर करायचं. मी वही आणि काटा घेऊन दोन दिवस फिरले आणि एक देखणा घोस निवडला. त्याचा तुकडा काढायला निघाले तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्याडम, आनखी एक हाय. रागावनार नसाल तर दावते."

त्यांनी मला संडासाच्या मागे नेलं. तिथं पेरूच्या फांदीला आमचीच एक पिशवी टांगलेली होती. महिन्यापूर्वी मीच पुरायला सांगितलेली! अर्ध्या अंगाला हिरवी बुरशी, आणि दुसऱ्या अर्ध्यातून पांढरेशुभ्र घोस बाहेर आलेले. मी रागावले. रोग पसरला असता तर, म्हणून फाडफाड बोलले. मग मावशींची चूक त्यांना दाखवायचीच, म्हणून मी तिचाही तुकडा घेतला.

दोन्हींचं बियाणं केलं, पिशव्या भरल्या, आणि मुद्दाम दोन्हींना हिरवी बुरशी लावली. माझ्या देखण्या घोसाच्या पिशव्या आठवड्यात हिरव्यागार. मावशींच्या पिशव्यांवर डाग पडला तिथेच अडला, आणि बाजूनं अळंबी फुटली. खात्री पटेना म्हणून पुन्हा केलं, पुन्हा तेच. कंत्राटदाराला सलीमभाईंनी चहा पाजून परत पाठवलं. मी लॅबचं दार लावून मनसोक्त रडले.

हे ऐकून कृषी खात्यातले एक साहेब फॉर्म घेऊन आले. रोगाला दाद न देणारं वाण म्हणून नोंद करायची होती. एका रकान्यात होतं, 'निवडीचा निकष'. मी मावशींकडे बोट दाखवलं. साहेबांनी पेन सरसावून विचारलं, की एवढ्या रोगट पिशव्यांतून तुम्ही नेमकी हीच कशी ओळखलीत?

मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "वळखतेय कशाची, सायेब. पुरायला गेले तर खड्डा भरलेला. म्हनून टांगली झाडाला. मंग जाता-येता दिसायची. मरायची तर मरंल, पन तहानेनं कशाला मरावी? रोज तांब्याभर पानी घालत व्हते."

साहेबांनी ते रकान्यात जसंच्या तसं लिहून घेतलं.