लोट्याच्या आकाराचं बटण

जळगावात केळी मिळतात, सोनं मिळतं, इथल्या प्लास्टिकच्या चटया तर साता समुद्रापार जातात. पण लोट्याच्या आकाराचं एक पुश बटण जळगावात मिळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, चार महिने पायपीट करून सांगतोय.

माझं कूलर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर यांचे बोर्ड दुरुस्त करायचं छोटंसं दुकान आहे. बटण या वस्तूकडे मी उभ्या जन्मात आदराने पाहिलं नव्हतं. बिघडलं की उपटायचं, दुसरं बसवायचं. दिवाळीनंतर नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला आणि सगळंच बदललं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजरही अर्धीअधिक गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी चालत होती. माणूस आयुष्यभर लाल एसटीवर कंडक्टर. "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत ज्याने जळगाव-धुळे रस्त्यावर दोन पिढ्या पुढे सरकवल्या, तो आता तोंड उघडायचा आणि नुसती हवा बाहेर यायची. त्यांना काय सांगायचंय ते कुणालाच कळत नव्हतं. मला तेवढंच समजून घ्यायचं होतं.

म्हणून मी एक बोलता डबा करायला घेतला. त्याच्या पॅनलवर चार बटणं. एक दाबलं की माझ्या आवाजात 'पाणी', दुसऱ्याला 'भूक', तिसऱ्याला 'कूस बदल', चौथ्याला 'दुखतंय'. सर्किट दोन रविवारांत तयार झालं. घोडं अडलं ते बटणांपाशी. नानांना धड दिसत नसल्याने अक्षरं, चित्रं, रंग सगळं फुकट. बोटाला कळेल असा प्रत्येकाचा आकार वेगळा हवा. पाण्याला लोटा, भुकेला भाकरीसारखं चपटं गोल, कूस बदलायला उशीसारखं लांबट आणि दुखण्याला गोखरूसारखं काटेरी. ही गोखरूची कल्पना मला स्वतःलाच फार आवडली होती. शेतात अनवाणी चाललेल्या माणसाला गोखरू समजावून सांगावा लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने काउंटरवर मूठभर बटणं ओतली. सगळी गोल, दोन-चार चौकोनी. मी कशासाठी हवीत ते सांगितलं. त्याने मान हलवली आणि मागच्या खोक्यातून दारावरच्या बेलचं साधं बटण काढलं.

"हे न्या भाऊ. पेशंटला हेच बरं. दाबलं की टिंग."

मी चिडलो. म्हटलं, माझे वडील काही दारात उभे नाहीत, त्यांना चार वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात. त्याने बटण परत खोक्यात टाकलं.

मग ऑनलाइन मागवली. फोटोत बदाम, तारा, पान, काय वाटेल ते आकार. पाकीट आलं ते गोल बटणांचं. एमआयडीसीतल्या प्लास्टिकवाल्याने चहा पाजला, माझी चित्रं कौतुकाने पाहिली आणि म्हणाला, "पाच हजार नगांच्या खाली आम्ही मशीन गरमसुद्धा करत नाही." पाच हजार लोटे घेऊन मी काय पाणपोई घालू? कॉलेजातलं थ्रीडी प्रिंटर बंद होतं. ते चालवणारे सर एक दिवस सापडले, त्यांनी लोटा छापूनही दिला, तो भरताच्या वांग्यासारखा निघाला. आणि दोनदा दाबल्यावर त्याचा देठही तुटला.

त्या काळात घरी एक आवाज सुरू झाला होता. नानांच्या डाव्या बोटात अंगठी आहे. ती ते खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायचे. टक टक. थांबून पुन्हा टक टक.

बायको म्हणाली, "ते काहीतरी सांगतायत."

"कंप आहे तो. डॉक्टर म्हणालेत," मी म्हणालो. डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. मला सर्किटपुढे बसायचं होतं आणि त्या टकटकीने डोकं उठत होतं. दांडीला मी जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली.

प्लास्टिकवाल्याने धुळ्याच्या एका कारागिराचं नाव सांगितलं होतं, छोटे साचे करणारा. मी एसटीने धुळ्याला गेलो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी भरली, कंडक्टरने दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली. मी मांडीवर वही ठेवून लोट्याचं तोंड किती रुंद ठेवावं याचा विचार करत होतो. कारागीर भेटला, पण त्याच्या मशीनवर ताडपत्री होती. "साचे करायचे दिवस गेले, भाऊ. आता बठ्ठं तयारच येस," म्हणाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर नवरीचाच पत्ता नव्हता. परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा रडलो. शेजारच्या बाईने न विचारता खिडकी लावून घेतली.

शेवटी बटणं झाली ती दातांच्या कवळ्या करणाऱ्याकडे. बायकोच्या दाढेचं माप द्यायला गेलो होतो, तिथे टेबलावर गुलाबी हिरड्या वाळत पडलेल्या. माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मेणात चार आकार कोरून नेले आणि त्याने कवळीच्या मसाल्यात हुबेहूब ओतून दिले. लोटा, भाकरी, उशी, गोखरू, चारही हिरडीसारखे गुलाबी. दिसायला ओंगळ, पण बोटाला लख्ख कळणारे. पॅनल खाटेला बसवलं तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि नानांचे गाल आत गेले होते. मी त्यांचं बोट एकेका बटणावर फिरवलं, शब्द ऐकवले. त्यांनी लोटा दाबला.

"पाणी. पाणी," डबा म्हणाला.

मी धावत पाणी आणलं. नानांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने गोखरू दाबला. दुखतंय, दुखतंय. कुठे दुखतंय म्हणून मी पायापासून डोक्यापर्यंत चाचपलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. उशी दाबली तेव्हा मी आणि बायकोने मिळून कूस बदलली, तर त्यांनी पुन्हा उशी दाबली. प्रत्येक शब्द दोनदा.

आता बटण एकदा दाबलं तरी आतला पत्रा थरथरतो आणि सर्किटला ते दोनदा दाबल्यासारखं वाटतं. आमच्या धंद्यातला हा जुना रोग, त्याचं औषधही ठरलेलं. पहिल्या दाबानंतर काही क्षण दुसरा दाब मोजायचाच नाही. मी डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ दिला, तरी दोनदाच. वाढवला, तरी दोनदा. शेवटी पूर्ण दोन सेकंद ठेवले, तेव्हा डबा शहाण्यासारखा एकदाच बोलू लागला. दोन सेकंद थरथरणारा पत्रा जगात कुठे नसतो, हे मला, रोज बटणं उपटणाऱ्या माणसाला, कळू नये? मी बायकोला म्हणालो, बघ, कंपच होता.

चार दिवसांत नानांनी बटणं दाबणं सोडलं. मग अन्नही सोडलं. डॉक्टर म्हणाले, पोटातून नळी टाकून अन्न देऊ, सोमवारी आणा. मी होय म्हणालो आणि घरी येऊन जास्त मोठा लोटा कोरायला बसलो. आकारातच काहीतरी चुकतंय अशी माझी खात्री होती.

शनिवारी भडगावहून ड्रायव्हर आबा आले. नानांची आणि त्यांची जोडी एका गाडीवर वर्षानुवर्षं होती. पिशवीभर लिंबं खाली ठेवून ते खाटेशेजारी बसले. "काय कंडक्टर," म्हणाले. नानांचा हात दांडीकडे गेला. चादरीची पट्टी एव्हाना सुटली होती.

टक टक.

आबांचा डावा पाय चपलेतून निघाला आणि फरशीवर दाबला गेला. क्लच दाबावा तसा. त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आरे भो," मला म्हणाले, "तुना बाप घंटी दी राह्यना."

"कसली घंटी, आबा?"

"डबल घंटी. कंडक्टरना पोऱ्या ना तू? एक घंटी म्हंजे थांब. दोन म्हंजे बठ्ठा चढी गयात, मांगे कोनी राह्यनं नही, सोड आते गाडी."

मी म्हणालो, "म्हणजे मी काय करायचं?"

"ते मी काय सांगू? घंटी पडनी का मी गाडी सोडी. कंडक्टरले कधी इचारं नही." त्यांनी नानांच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि चहा न घेता गेले.

चार महिने मी चार आकार शोधत फिरलो, आणि त्या माणसाला एकच बटण पुरलं असतं. दुकानदाराने खोक्यातून काढलेलं, दारावरचं. बरं, दांडी होतीच, तिच्यावर मी चादर गुंडाळली. डबा दिला, त्यातून त्यांची दुसरी घंटी मीच खोडून टाकली आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली. मला स्वतःची किळस आली. बायकोने दांडीला लोंबणारी पट्टी सोडून घडी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी ते दोन सेकंद काढून टाकले. पॅनल नानांच्या डाव्या हाताखाली सरकवलं. बोट आधी स्थिर राहिलं. मग जे जवळ होतं ते, लोट्याचं बटण, त्यांनी दाबलं.

"पाणी. पाणी."

मी उठलो नाही. तांब्या हाताशीच होता. मी त्यांच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं आणि तेच बटण एकदा दाबलं. एकदाच. पाणी, डबा म्हणाला.

नानांनी मान माझ्याकडे वळवली. दिवाळीनंतर पहिल्यांदा मला वाटलं की ते माझ्याकडे बघतायत, आणि त्यांना माझं म्हणणं कळलंय. शेवटी त्यांनी माझं बोट हळूच बाजूला सारलं आणि पुन्हा दोनदा दाबलं.

"पाणी. पाणी," माझाच आवाज म्हणाला.

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो नाही.