उलटे उडणारे सहाजण

डीब्रीफ म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विमानं खाली उतरली की पायलट एका खोलीत बसतात आणि कोण कुठे चुकला ते एकमेकांच्या तोंडावर सांगतात. तिथे कुणी साहेब नाही, कुणी ज्युनियर नाही. "लूपमध्ये तू मागे पडलास," असं म्हटलं की समोरच्याने "येस" म्हणायचं. कारणं द्यायची नाहीत. एवढं खरं बोलून झालं की माणसाला चहा लागतो, आणि त्या चहाबरोबर जे बाहेर पडतं ते किस्से. नव्वदच्या दशकात बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या हवाई तळावर आमच्या क्रू रूममध्ये इतका चहा झाला की किश्श्यांचा नुसता ढीग पडला. त्यातल्या निम्म्या लोकांना आता नातवंडं झाली आहेत आणि त्यांनी स्वतःबद्दल घरी भलतंच काही सांगून ठेवलंय, म्हणून त्यांचे किस्से सोडून उरलेले सांगतो.

हवाई कसरती करणारी आमची टीम. विमानं सहा, पायलट सहा, आणि सातवा मी. पाठीच्या दुखण्याने माझं उडणं सुटलं, तेव्हा माझ्या हातात माईक दिला. एअर शोला लोकांना "आता डावीकडे बघा, आता वर बघा" असं सांगायचं, ही माझी नोकरी. नागपूरचा असल्यामुळे बोलण्याची अडचण कधीच नव्हती.

*

उडण्याआधी आमच्याकडे एक पद्धत होती. सहाही जण खुर्च्यांवर बसायचे, डोळे मिटायचे, उजव्या हातात नसलेली स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, धरायची आणि लीडर सगळा शो तोंडाने बोलायचा. लीडरला सगळे बॉस म्हणत. बॉसचा आवाज भारदस्त, लांबवून म्हणायचे, "पुलिंग अप... रोलिंग लेफ्ट... नाऊ!" की सहाही माना एकदम डावीकडे कलायच्या. हे रोज. उडायचं नसेल त्या दिवशीही.

एकदा हे चालू असताना पंखा दुरुस्त करायला एक इलेक्ट्रिशियन आला. दारात पाहतो तो सहा ऑफिसर डोळे मिटून डोलतायत आणि एकजण लांब सुरात काहीतरी म्हणतोय! त्याने गुपचूप चपला काढल्या, टूलबॉक्स बाजूला ठेवला आणि दारापाशी हात जोडून बसला. मी खुणा करतोय तर तो मलाच गप्प बसायची खूण करतो.

बॉसनी लँडिंग केलं, सगळ्यांनी डोळे उघडले. इलेक्ट्रिशियन उठला, ओंजळ पुढे केली आणि म्हणाला, "सार, प्रसादा इल्वा?"

बॉसनी गंभीर चेहऱ्याने त्याच्या ओंजळीत दोन ग्लुकोज बिस्किटं ठेवली.

*

आता अण्णाची ओळख करून देतो. नाव गिरीश, टीममध्ये नंबर चार. घरचे मूळ बेळगावकडचे, पण वडील बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका शाळेत गणित शिकवायला आले आणि तिथलेच झाले. त्यामुळे अण्णाचं अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कन्नडात, आणि शेवटी एक "की". नंबर चार म्हणजे मागच्या रांगेतला मधला. पुढे विमान, डावीकडे विमान, उजवीकडे विमान. ह्या जागेवरच्या माणसाला हलायला जागाच नसते, म्हणून तिथे शांत डोक्याचा माणूस लागतो.

आणि एक नियम. हवेत पाचही जणांनी फक्त लीडरच्या विमानाकडे बघायचं. जमीन बघायची नाही, आकाश बघायचं नाही. लीडर जाईल तिकडे जायचं. चांगला नियम आहे, पण स्कूटरवर लागू करायचा नसतो!

एका रविवारी डोसा खायला म्हणून बॉस स्कूटरवर पुढे आणि बाकीचे पाच स्कूटरवर मागे, असे सगळे मल्लेश्वरमला निघाले. मी बॉसच्या मागच्या सीटवर. बॉसना रस्ता चुकल्यासारखा वाटला म्हणून त्यांनी वळायला एका फाटकात स्कूटर घातली. मागून पाचही स्कूटरी आत! वळायला जागा राहिली नाही. ते निघालं मंगल कार्यालय. दारातल्या मुलीने आमच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, एका काकांनी दंडाला धरून पंगतीत बसवलं, पानावर ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, पडली. सहाजणांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही. लीडर जेवतोय म्हणजे जेवायचं!

तूप वाढता वाढता एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?"

बॉसनी खाली मान घातली. अण्णाने बॉसकडे बोट दाखवलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "आम्ही ह्यांच्या मागनं आलोय की!"

ते म्हातारे नेमके अण्णाच्याच गल्लीतले. संध्याकाळी त्यांनी अण्णाच्या वडिलांना गाठलं. म्हणे, "मास्तर, तुमचा मुलगा विमान चालवतो म्हणता, पण त्याला हॉटेल सापडत नाही!"

*

बॉबी आमचा सोलो पायलट. बाकीचे पाच एकत्र वळत असले की हा एकटाच धावपट्टीवरून उलटा जायचा, डोकं खाली आणि चाकं आभाळाकडे. बायकापोरं किंचाळायची. तोच बॉबी राजाजीनगरच्या जत्रेत बायकोच्या हट्टापायी पाळण्यात बसला. पाळणा वर गेला मात्र, ह्याने डोळे घट्ट मिटले, दांडा कवटाळला आणि "थांबवा, थांबवा!" असा ओरडा सुरू केला. पाळणेवाला खालून म्हणतोय, "हेदरबेडी सार, हेदरबेडी!" म्हणजे भिऊ नका, आणि पुढच्या पाळण्यातली शाळकरी पोरं मागे वळून ह्याला धीर देतायत!

खाली उतरल्यावर बायको म्हणाली, "लाज नाही वाटत? रोज उलटं लटकतोस ना?"

बॉबी घाम पुसत म्हणाला, "तिथे स्टिक माझ्या हातात असते. इथे त्या विडी ओढणाऱ्याच्या!"

*

ह्याच बॉबीचा माझ्यावर राग आहे, तो एका घारीमुळे. रिहर्सलला बऱ्यापैकी गर्दी होती, वर ढग होते. मी माईकवर रंगात येऊन सांगितलं, "आणि आता तुमच्या उजवीकडून येतोय आपला सोलो! बघा हे सफाईदार वळण!" उजवीकडून एक घार आली. खरंच फार सफाईदार वळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॉबी आला तो मागाहून, डावीकडून, आणि तोवर सगळे घारीकडे बघत होते.

डीब्रीफमध्ये बॉसनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

बॉबी म्हणाला, "आधी त्या घारीला बोलवा. वेळेवर तीच आली होती."

*

आता सर्दी. तुम्हाला वाटेल, सर्दीत काय सांगण्यासारखं? अहो, आमच्याकडे सगळ्यात मोठी भीती सर्दीची! नाक चोंदलेलं असताना विमान वरखाली झालं की कानात आणि कपाळात अशी कळ येते की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर विमानं असताना डोळ्यांपुढे अंधारी! म्हणून सर्दी झाली की उडायचं नाही, विषय संपला. बदली माणूसही नसतो, कारण प्रत्येकाने महिनोन्‌महिने आपल्या एकाच जागेचा सराव केलेला असतो. आणि राहायला कुठे, तर बंगळूरला! ह्या गावात झाडं फुलली की अर्धं गाव शिंकतं.

त्या वर्षीच्या मोठ्या शोच्या आदल्या दिवशी, खुर्च्यांवरचा सराव चालू असताना, अण्णा शिंकला.

दारात आमचा डॉक, म्हणजे टीमचा डॉक्टर, उभा होता, पुण्याचा, आणि त्याचे कान तिखट. पण त्याने मान वळवायच्या आत बॉस शिंकले. मग बॉबी शिंकला. मग एकामागून एक सगळेच शिंकले. उडत नसूनही मी एक शिंक ठेवून दिली!

डॉकने सगळ्यांकडे शांतपणे पाहिलं. "छान. आता सगळ्यांनी नाक दाबा, तोंड मिटा आणि कानातून हवा काढा." तो एकेकाचे कान तपासत गेला. अण्णापाशी थांबला. अण्णाचा चेहरा लालबुंद झाला, पण कान काही उघडेना.

"अण्णा, तू खाली."

हसणं तिथल्या तिथे थांबलं. कारण उद्या कोण येणार होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णाचे वडील. मुलाने इंजिनिअर व्हावं, गल्लीतल्या चार मुलांसारखं कारखान्यात लागावं, एवढीच त्या मास्तरांची अपेक्षा होती. हा फायटर पायलट झाला ते त्यांनी कसंबसं गिळलं. पण कसरतीच्या टीममध्ये गेल्यावर म्हणाले, "सर्कशीत जाण्यासाठी गणित शिकवलं होतं काय रे तुला?" तेव्हापासून बापलेकांचं बोलणं "जेवलास का" आणि "जेवलो की" ह्याच्यापुढे जात नव्हतं. शो बघायला ते एकदाही आले नव्हते. लग्नात फुकट जेवल्याच्या प्रकरणानंतर तर विचारायची सोय नव्हती. आणि ह्या वर्षी, कुणी न बोलावता, त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "उद्या येतो. स्वल्प बघून जातो." अण्णाने त्या वाक्याबद्दल क्रू रूममध्ये प्रत्येकाला वेगवेगळं नेऊन सांगितलं होतं.

"डॉक, एक फ्लाइट," अण्णा म्हणाला. "माझा अप्पा यायलाय. पुन्हा येईल काय रे तो?"

"तुझा अप्पा समोर बसलेला असताना मी तुला वर पाठवू?" डॉक म्हणाला.

मला अण्णाचं फार वाईट वाटलं. उडणं सुटल्यावर कसं होतं ते मला माहीत होतं.

संध्याकाळी शोच्या व्यवस्थेतले एक साहेब येऊन बॉसना म्हणाले, "पाचच विमानं आहेत तर मधे भोक कशाला? सरकून घ्या, फोटो चांगला येईल."

बॉस म्हणाले, "ती अण्णाची जागा आहे. सर्दी झाली म्हणून कुणी घर विकत नाही."

*

शोच्या सकाळी मास्तर आले. एकटे नाही, अर्धी गल्ली घेऊन! भाड्याची मॅटाडोर, आत बायका, पोरं, चित्रान्नाचे डबे, आणि ते लग्नातले तूपवाले म्हातारेसुद्धा. मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसलेले, हातात छत्री. अण्णा माझ्या माईकच्या तंबूमागे रुमाल घेऊन उभा. काही केल्या पुढे यायला तयार नाही.

"तूच सांग," तो मला म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही."

मी मास्तरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "काका, गिरीश आज उडणार नाहीये."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "काय झालं त्याला?"

"काही नाही हो. सर्दी झालीय."

"सर्दी?" त्यांनी दंड सोडला, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग एखादा नसला तर काय करतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बदली कुणी नसतो, जागा तशीच ठेवून बाकीचे उडतात. ते "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. गल्लीतल्या माणसांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. मी त्यांना माझ्या टेबलाशेजारची खुर्ची दिली, सावलीत.

विमानं आली. लांबून, आवाजाच्या आधी दिसली. मागच्या रांगेत दोन टोकांना दोन विमानं आणि मधे निळं आकाश. ते अंतर तसूभरही कमी-जास्त न होता सगळं उलटं झालं, वर गेलं, लूप पुरा करून खाली आलं. माझ्या कागदावर पुढचं वाक्य होतं, पण मी चालू माईक हातात धरून वरच बघत राहिलो. विमानं दूर वळायला गेली आणि मैदान जरा शांत झालं.

तेवढ्यात तूपवाल्या म्हाताऱ्यांनी मागून मोठ्याने विचारलं, "काय मास्तर, तुमचा गिरीश ह्यातला कुठला?"

गल्ली सगळी कान देऊन बसली. तंबूच्या मागे अण्णाने रुमालात तोंड घातलं.

मास्तर खुर्चीतून उठले. छत्री वर करून त्यांनी आकाशात नेम धरला, वर्गात फळ्यावर छडी धरतात तसा, आणि खणखणीत कन्नडमधून म्हणाले,

"मागच्या ओळीत मधे रिकामी जागा दिसते? ती गिरीशची!"

"अहो पण तिथे तर कुणीच नाही!"

"कसं असेल? तिथे दुसऱ्या कुणाला येतंय उडायला!"

मैदानभर चारी बाजूंच्या भोंग्यांतून हे ऐकू गेलं. माईक बंद करायचं मला सुचलंच नव्हतं.