भिंतीतला डावखुरा कोमुझवाला

उल्कान आपाने चारचौघांत मला खोटारडी म्हटलं, तिथून आमची ओळख सुरू झाली.

रविवारी मी लोकांना बिश्केकच्या भिंती दाखवत फिरते. सोव्हिएत काळातली ती मोठाली चित्रं, बसथांब्यावरचे घोडे, तलावाच्या इमारतीवरचे अंतराळवीर, शाळेच्या जिन्यातल्या गव्हाच्या ओंब्या. मला कुणी शिकवलं नाही, बूट झिजवून शिकले. त्या दिवशी सातव्या वसाहतीतल्या एका पाचमजली इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीखाली दहाबारा जणांना उभं करून मी सांगत होते, "हा कोमुझवाला बघा. निळ्यात मांडी घालून बसलाय आणि कोमुझच्या तीन तारा छेडतोय चक्क डाव्या हाताने! आपल्यात असं कुणी वाजवतं? चित्रकाराने वरच्यांना मारलेली चपराक आहे ही."

"चपराक कसली डोंबलाची!" बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली एक म्हातारी म्हणाली. "खोटारडी कुठली. चूक आहे ती. माझी."

माझं डोकं सटकलं. पण लोक तिच्याकडे वळले होते, मग मीही वळले.

आपा त्या काळी घरांचे भाग ओतायच्या कारखान्यात होती, आठ बायकांची मुकादम. चित्राच्या काचेच्या चिपा त्या कागदावर पालथ्या चिकटवायच्या, मैद्याच्या खळीने. मग कागद साच्यात, वरून सिमेंट. भिंत वाळून उभी केली की ओल्या फडक्याने कागद पुसायचा, तेव्हा कुठे चित्राचं तोंड दिसायचं. म्हणजे काम करताना सगळं उलटं, पाठीमागून. म्हणून कागदाखालचा चित्राचा नकाशाही उलटा अंथरावा लागे. कोमुझवाल्याच्या वेळी आपाने तो सुलटा अंथरला.

"कडेने नुसतं निळं. जोड बरोबर बसले, कुणाला काही कळलं नाही," ती म्हणाली. "कागद पुसला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. साहेब म्हणाले, तोंड बंद ठेव, मंगळवारी कमिटी येतेय. कमिटी आली, टाळ्या वाजवून गेली. ओळखलं फक्त माझ्या बापाने. नारीनहून आला होता, स्वतः कोमुझ वाजवायचा. बराच वेळ बघून म्हणाला, हा काय आरशात बसून वाजवतोय का गं? आणि जो हसत सुटला! मी वर्षभर या बाजूने फिरकले नाही."

आपा भेटली म्हणजे मला खजिनाच सापडला होता. कारण ती भिंत आता झाकली जाणार होती. थंडी अडवायला बाहेरून फोमचे जाड तक्ते ठोकून वर गिलावा. शुक्रवारी अंगणात सभा होती, साठ घरांपैकी चाळीस हात वर झाले की संपलं. मी दारोदार फिरून विरोधाच्या सह्या गोळा करत होते, वीसच्या वर पोचले होते. चित्र करणारी बाईच सभेत उभी राहिली, तर कुणाची छाती होती हात वर करायची?

"आपा, तुम्ही बोला."

"आधी घर बघ," ती म्हणाली.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्याच भिंतीला लागून. एकच खोली. पलंग भिंतीपासून ओढून थेट मधोमध आणलेला. भिंतीवर नमद्याचा मोठा गालिचा. तिने तो उचलला, तर मागे काळी बुरशी, खालपासून खांद्यापर्यंत.

"जानेवारीत इथे बर्फ धरतं, आतून. मी अंगात कोट घालून झोपते."

"अहो, मग ही खोली घेतलीत तरी कशाला?"

"नवरा गेल्यावर उन्हाच्या बाजूच्या दोन खोल्या देऊन मागून घेतली." तिने बुरशीवरच बोट टेकवलं. "इथे त्याचं डोकं. इथे कोमुझ. इथे हात. रस्त्यावरून तो डावखुरा, पोरी. इथून बघ, उजवाच आहे."

मला वाटलं, झालं. बाई आपल्या बाजूची.

शुक्रवारी सभा भरली. इमारतीची कारभारीण जिपार एजे, आवाज भोंग्यासारखा. मी बोलायला उठले तशी म्हणाली, "तू राहतेस कुठे गं?"

"जुन्या बाजारामागे."

"मातीच्या घरात. शेगडीच्या उबेला बसून आम्हाला कला शिकवतेस?"

लोक हसले. मी म्हटलं, "मला नका विचारू. जिने हे केलं तिला विचारा!" आणि आपाकडे हात केला.

आपा उठली. माझ्याकडे न बघता तिने हात वर केला. फोमच्या बाजूने.

"आपा! तुमच्या हातचं आहे ते!"

"हात गारठलेत, पोरी," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्रेचाळीस हात झाले. मी सह्यांचा कागद टरकावून तिच्यासमोर टाकला. काय काय बोलले ते लिहीत नाही, लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आपाचा फोन आला. "राग उतरला असेल तर दोन किलो मैदा आण. आणि तपकिरी कागद, जाड. गुडघे चालत नाहीत माझे, परांचीवर तूच चढणार."

परांची म्हणजे मजुरांचं फळ्यांचं मचाण, ते तिच्या मजल्याला लागलंच होतं. मजुरांचा मुकादम वैतागला. "आज्जी, कागदावर फोम धरत नाही हो!"

"धरू नये म्हणूनच लावतेय. खिळे निळ्यात ठोक, कडेकडेने. माणसात एकही नको."

"माझं काम वाढलं."

"सामसे खाशील?"

"मटणाचे?"

"नाही, भोपळ्याचे. पण बारा."

त्याने खडू मागितला आणि कोमुझवाल्याभोवती स्वतःच रेघ ओढली.

बादलीतली खळ कोमट होती. मी वर, आपा खाली बाकावर. ती ओरडायची, "डावीकडे!" मी डावीकडे सरकले की, "अगं डावीकडे!" दोनदा भांडलो, मग माझ्या लक्षात आलं की ती आतल्या बाजूने सांगतेय. त्यानंतर मी तिच्या शब्दाच्या उलट सरकत गेले आणि काम भराभर उरकलं. पाय, मांडी, कोमुझ. शेवटी तो हात उरला. चिपा गार होत्या, काठ अजून धारदार. इतक्या वर्षांत एक हललेली नव्हती.

"तिथे दोन थर दे," खालून आवाज आला. "कधी काढतील तेव्हा ओलं फडकं म्हणावं. खरवडायचं नाही."

"कोण काढणार, आपा?"

"ते तू बघ. मी माझं केलं."

आता तिथे सपाट पिवळट भिंत आहे. जानेवारीत मी आपाकडे गेले, तर पलंग पुन्हा भिंतीला लागला होता आणि आपा भिंतीला पाठ टेकून, बिनकोटाची, चहात तळलेले बोरसोक बुडवून खात होती. रविवारच्या फेरीत मी अजूनही तिथे थांबते. लोक विचारतात, इथे काय बघायचंय? मी त्यांना खडूची रेघ कुठे होती ते दाखवते आणि ओलं फडकं म्हणजे काय ते समजावते. कुणी ते मोबाइलवर टिपून घ्यायला लागलं, तर दुसऱ्यांदा सांगते.