कावळ्याची भिजवलेली भाकर

कावळ्याचे उपकार मानणारी सून आमच्या बजाजनगरात मी एकटीच असेन. मानते, आणि उघड मानते.

गॅलरीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी मी पाण्याचं भांडं ठेवायचे. चिमण्या राहिल्या बाजूला. एक कावळा कुठून कुठून वाळकी भाकर, पावाचे कडक तुकडे आणून त्यात बुडवायचा. दिवसातून दोनदा पाणी बदलावं लागायचं. मी लाटणं घेऊनच धावायचे. स्वभावच तापट, त्याला कोण काय करणार!

त्याच दिवसांत खुलताबादकडच्या आमच्या गावाहून सासरे राहायला आले. सगळे दात काढलेले; कवळी केली, पण ती टोचायची. अख्खा जन्म शेतात कांद्याबरोबर भाकर खाल्लेला माणूस. मी वरणात भाकर कुस्करून पुढं ठेवली की ताट सरकवायचे. "म्या काय तान्हं लेकरू हाय का? भूक नाय मला." दोन महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला. नवरा कंपनीत ड्यूटीला गेला की त्या भरल्या ताटासमोर मी एकटी. राग यायचा, पण खरं तर भीती वाटायची, हे माझ्या घरात उपाशीच जातात की काय.

एका सकाळी कावळा आला. मी लाटणं उचललं, तर गॅलरीतल्या खुर्चीतून सासऱ्यांनी हात आडवा केला. "थांब, सूनबाई. खाऊ दे त्याला."

कावळ्यानं भाकरीचा तुकडा पाण्यात सोडला होता. चोच मारून पाहिली. कडकच. पुन्हा बुडवला, उलटा केला, आणि कठड्यावर चार पावलं फिरून आला. घाई म्हणून नाही. मग मऊ झालेला घास उचलून गिळला, दुसरा गिळला. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सासरे बोळकं पसरून हसले. "लई शहाणं हाय. यालाबी दात नायत, पर याला कुणी म्हातारं म्हणत नाय."

मी लाटणं खाली ठेवलं. काही बोलले असते तर सगळाच घोटाळा झाला असता. अख्खी भाकर आणि वरणाची वाटी त्यांच्या हाताशी ठेवली नि दाराआडून बघत राहिले. त्यांनी स्वतःच्या हातानं भाकर मोडली, वरणात दाबली आणि थांबले. बोटानं चाचपून पुन्हा थांबले.

माझे डोळे वाहायला लागले. पदरानं पुसतेय तोवर गॅलरीतून हाक आली, "सूनबाई, वरण संपलं. आणखी आण."