बोलेनाशी झालेली बटणं

नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीसाठी मी बिल्टीचा प्रोग्राम लिहिला होता. बिल्टी म्हणजे ट्रकसोबत जाणारी मालाची पावती. पाठवणारा कोण, घेणारा कोण, नग किती, वजन किती, एवढंच तिच्यात असतं. तिथं बिल्ट्या करणाऱ्या कारकुनाला मी सहा वर्षं फक्त आवाजानं ओळखत होते. प्रोग्राममध्ये काही अडलं की त्यांचा फोन येई. तक्रारीचा सूर कधीच नसे. "मॅडम, तुमच्या प्रोग्रामची एक गंमत सांगू काय?" असं म्हणून ते माझी चूक सांगत, आणि ती नेमकी ते सांगतील तिथंच सापडे.

पूर्वी आम्ही पाच जण एका छोट्या कंपनीत होतो. दुकानांसाठी, गोदामांसाठी, दवाखान्यांसाठी संगणकावर चालणारे प्रोग्राम लिहायचो. मग सगळं इंटरनेटवर जायला लागलं. एकेक जण पुण्याला गेला, एक हैदराबादला, आणि शेवटी मालकांनी ऑफिसला कुलूप लावलं. जुन्या गिऱ्हाइकांचे प्रोग्राम कोणीतरी सांभाळायला हवे होते. आई आजारी होती, मला नागपूर सोडता येत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे राहिलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून पुढची खोली माझं ऑफिस झाली. दिवसभरात तिथं आवाज असतो तो कूलरचा आणि कळफलकाचा. कधी कधी भाजीवाल्याशी बोलताना लक्षात येतं की आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडलं.

गेल्या वर्षी ट्रान्सपोर्टच्या मालकांनी सांगितलं, "मॅडम, प्रोग्राम जुनाट दिसते. मोबाइलमधले ॲप कसे चकाचक असतात, तसं काही करा ना." मी दोन महिने त्यावर घालवले. तयार मिळणारी करड्या रंगाची बटणं काढून टाकली आणि स्वतः रंगवलेली, गोल कडांची नारिंगी बटणं बसवली. मालाची यादीही नवी काढली, एकाआड एक फिकट पट्ट्यांची. पूर्ण झाल्यावर पडद्याचा फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

नवा प्रोग्राम बसवल्यावर आठवडाभर वाडीहून फोन आला नाही. सगळं ठीक चाललं असणार, असं मी धरून चालले. नवव्या दिवशी दुपारी कारकुनांचा फोन आला.

"मॅडम, तुमचे बटन बोलून नाही राहिले."

"बोलत नाहीत म्हणजे? दाबल्यावर काही होत नाही का?"

"दाबू कसा? कोणतं बटन कशाचं, तेच सांगत नाही. जिथं जावं तिथं 'पेन' म्हणते. पेन, पेन, पेन. मले वाटलं, माह्या खिशातला पेन मागून राहिला."

मी हसले, पण मला काही उमजलं नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, "मले दिसत नाही मॅडम. लहानपणापासून. कॉम्प्युटर वाचून दाखवते, त्याच्यावर मी काम करतो. तुमाले माहीत नव्हतं काय?"

मला खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षांत मी त्यांना कितीदा म्हटलं असेल, "डावीकडे वर बघा, निळी खूण दिसते का?" दर वेळी ते "हो, सापडली" म्हणत. ती त्यांना कशी सापडत होती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

प्रकार असा झाला होता की तयार बटणांना स्वतःचं नाव असतं आणि पडदा वाचणारा प्रोग्राम ते बोलून दाखवतो. माझी बटणं म्हणजे नुसती चित्रं होती. संगणकाच्या लेखी तो एक रिकामा चौकोन होता, आणि अशा चौकोनाला इंग्रजीत 'पेन' म्हणतात, खिडकीच्या तावदानाला म्हणतात तसं, तेच तो वाचत होता.

"मग आता तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"माह्या जागी दुसरा माणूस बसवला. मी फोन उचलतो." आवाज नेहमीचाच होता. "घाई नाही मॅडम. तुमाले जमन तसं करा."

जुना प्रोग्राम परत बसवावा, तर नऊ दिवसांच्या बिल्ट्या नव्यात होत्या आणि जुन्याला त्या वाचता येत नव्हत्या. मी त्याच दिवशी कामाला बसले. बटणांना नावं देणं अवघड नव्हतं, ती चार दिवसांत बोलायला लागली. यादी मात्र मुकीच राहिली. मी पुस्तकं चाळली, जुने लेख वाचले, काही उपयोग झाला नाही. मग प्रोग्रामर एकमेकांना मदत करतात त्या इंटरनेटवरच्या मंचावर प्रश्न लिहिला. तीनदा खोडला, चौथ्यांदा टाकला. यादीचा कोड दिला, आणि शेवटी लिहिलं की एका माणसाचं काम यावर अडलं आहे.

पहिला प्रतिसाद तासाभरात आला. त्यात लिहिलं होतं की आजकाल डेस्कटॉपचे प्रोग्राम कोणी लिहीत नाही, हे ब्राउझरमध्ये का करत नाही. तिथं दुसऱ्याचा प्रश्न कोणालाही सुधारता येतो, तर एकानं माझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य अनावश्यक आहे म्हणून काढून टाकलं. ते वाक्य त्या माणसाबद्दलचं होतं. त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. पुण्याच्या मित्राला कोड पाठवला. "बघतो" असं उत्तर आलं. चार दिवसांनी आठवण केली तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "अगं, ते सगळं विसरलो मी आता."

मी दिवसातून कितीतरी वेळा तो प्रश्न उघडून बघायचे. किती जणांनी पाहिला तो आकडा हळूहळू वाढत होता, आणि त्यातल्या बऱ्याच खेपा माझ्याच असाव्यात. आपण कोणाला तरी हाक मारतो आहोत आणि पलीकडच्या घरात कोणी राहतच नाही, असं वाटायचं. ज्यांच्याबरोबर मी हे काम शिकले ते सगळे दुसऱ्या कामाला लागले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. पण माझी अडचण ज्याला समजेल असं या गावात मला कोणी उरलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी स्कूटरवर वाडीला गेले. एवढ्या वर्षांत तिथलं सगळं काम मी फोनवर आणि इंटरनेटवरूनच केलं होतं. ऑफिस गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली ट्रक लागले होते, हमाल पोती उतरवत होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ फोनजवळ बसले होते. मी दारात मालकांशी बोलले तसे ते उठून उभे राहिले.

"आल्या काय मॅडम? अशा उन्हात काहून आल्या?"

दुसरा माणूस जेवायला गेला तेव्हा आम्ही दोघं संगणकापुढे बसलो. मी म्हटलं, "भाऊ, मी डोळे मिटून एक बिल्टी करून बघते."

"डोळे मिटले तरी तुम्ही उघडसान मधात. पडदाच बंद करा."

मी पडदा बंद केला. संगणक भराभर इंग्रजी बोलत होता, त्यातलं निम्मं मला कळेना. मी कुठं आहे, मागं जायचं की पुढं, काही सुधरेना. घेणाऱ्याच्या नावाच्या जागी मी वजन भरलं. यादीपाशी आले आणि तिथं नुसती शांतता. एक बिल्टी अर्ध्या तासात झाली नाही. ते शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. मधेच हळूच म्हणायचे, "अजून दोनदा मागं या."

मग मी विचारलं की जुन्या प्रोग्राममध्ये ते कसं करायचे.

"सोपं होतं. नाव भरलं की अकरा वेळा टॅब दाबायचं, मग नग. मग सहा वेळा उलटं, मग वजन."

"अकरा वेळा? प्रत्येक बिल्टीला?"

"हो. मोजायची सवय झाली."

टॅब दाबत एका जागेवरून पुढच्या जागेवर जायचा तो क्रम मी लावला होता. खरं तर मी तो लावलाच नव्हता, जागा जशा सुचल्या तशा पडद्यावर ठेवत गेले होते. माऊसनं काम करणाऱ्याला ते कधी जाणवलं नसतं.

"भाऊ, हे तुम्ही मला सांगितलं का नाही? बाकी सगळं तर सांगायचे."

"ते बिघडलेलं होतं, म्हणून सांगितलं. हे मले वाटलं, असंच असते."

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, याचं त्या क्षणी मला बरं वाटलं, आणि लगेच त्याचीही लाज वाटली.

घरी येऊन मी आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. रंगवलेली यादी काढून टाकली आणि तयार मिळणारी साधी यादी बसवली. क्रम नव्यानं लावला. रोज सकाळी पडदा बंद करून दहा बिल्ट्या करून बघायचे. बसवायला पुन्हा वाडीला गेले तेव्हा मालक म्हणाले, "हे तर परत जुन्यासारखंच झालं." मी त्यांना म्हटलं, "एक दिवस भाऊंना जागेवर बसू द्या, मग सांगा." ते बसले. पहिली बिल्टी करताना बोटं सवयीनं अकरा वेळा चालली आणि भलतीकडेच गेली. दुसरीला ते थांबले, ऐकलं, आणि एकदाच दाबलं. दुपारपर्यंत खाली ट्रक अडला नाही. दुसऱ्या दिवशीपासून जागा त्यांची झाली.

मंचावरच्या माझ्या प्रश्नाखाली मीच उत्तर लिहिलं, आणि काढलेलं वाक्य त्यात पुन्हा घातलं. या वेळी ते कोणी खोडलं नाही. महिन्याभरानं कुठल्याशा अनोळखी माणसानं खाली लिहिलं की त्याच्याकडेही हेच झालं होतं, आता चाललं. कोणत्या देशातला होता, कळायला मार्ग नव्हता. ती ओळ मी बरेच दिवस उघडून वाचत होते.

वाडीहून फोन येणं मात्र बंद झालं. प्रोग्राम बिघडत नव्हता, तर त्यांनी कशासाठी करावा? होळीनंतर एका दुपारी मीच लावला.

"काय झालं मॅडम? काही बदलून राहिले काय?"

"नाही भाऊ. सहजच केला."

कामाशिवाय काय बोलायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. खालून कोणीतरी ट्रक मागे घ्यायला ओरडत होतं. मग त्यांनी सांगितलं की भिवापूरला बहिणीकडे जाऊन आले, मिरच्या वाळत घातल्यात, अंगणभर ठसका आहे. मी विचारलं, बहीण एकटीच असते का. ते म्हणाले, हो, आणि तिच्याबद्दल सांगू लागले. मी कूलर बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.